सहा झेरॉक्स, बारा दिवस

८ सप्टेंबर २००४, बुधवारची रात्र. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला जेमतेम आठ आठवडे उरलेले. सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या वृत्तकार्यक्रमाच्या बुधवारच्या आवृत्तीत तिचे वृत्तनिवेदक डॅन रॅदर यांनी चार कागद पडद्यावर दाखवले. टेक्सासच्या हवाई नॅशनल गार्डमधले लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांनी १९७२-७३ साली आपल्या खासगी फायलीत ठेवलेल्या या नोंदी आहेत, असं सांगण्यात आलं. किलियन म्हणजे तरुण जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे तेव्हाचे वरिष्ठ. नोंदींचा मथितार्थ असा की बुश यांनी वैद्यकीय तपासणीचा हुकूम पाळला नाही, कवायती टाळायची वाट शोधली, आणि त्यांच्याबद्दलचा शेरा गोड करावा म्हणून वरून दबाव आला. शेवटच्या मेमोचं शीर्षक 'सीवायए' होतं. पुढेमागे आपल्यावर शेकू नये म्हणून करून ठेवलेली नोंद, असा त्या ओबडधोबड लघुरूपाचा अर्थ. किलियन १९८४ सालीच वारले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती.

बारा दिवसांनी, २० सप्टेंबरला, हे कागद खरे असल्याचं सिद्ध करता येत नाही असं सीबीएसने जाहीर केलं आणि रॅदर यांनी स्वतःच्या बातमीपत्रात माफी मागितली. पहिली चूक अशी होती की ती कुठल्याही वृत्तसंस्थेकडून घडू शकते. मधल्या बारा दिवसांबद्दल मी तसं म्हणणार नाही.

त्या उन्हाळ्यातली हवा आधी सांगायला हवी. इराकचं युद्ध चालू होतं आणि दोन्ही उमेदवारांची परीक्षा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या व्हिएतनामच्या काळावरून घेतली जात होती. बुश यांच्यासमोरचे डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी नौदलाच्या गस्ती बोटींवर लढून पदकं घेऊन आलेले. ऑगस्टमध्ये 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ' या गटाने जाहिराती काढून ती पदकंच संशयाच्या भोवऱ्यात टाकली. त्या आरोपांपैकी बरेचसे नौदलाच्या कागदपत्रांशी जुळत नव्हते, पण वाहिन्यांवरच्या चर्चांनी ते महिनाभर चघळले. बुश यांची बाजूही निखळ नव्हती. मे १९६८ मध्ये, व्हिएतनामची सक्तीची भरती जोरात असताना, ते नॅशनल गार्डमध्ये लागले. गार्ड हे राज्यांच्या अखत्यारीतलं राखीव दल, तिथे जागा मिळणं म्हणजे बहुतेक वेळा व्हिएतनाम टळणं. वडील तेव्हा ह्यूस्टनचे काँग्रेस सदस्य होते. १९७२ साली बुश एका सिनेट उमेदवाराच्या प्रचारासाठी अलाबामात गेले, वैद्यकीय तपासणी दिली नाही आणि ऑगस्टमध्ये त्यांचं उड्डाण थांबवण्यात आलं. हे अधिकृत कागदांतच होतं. असोसिएटेड प्रेसने आणखी कागद मिळावेत म्हणून सरकारवर दावा लावला होता. 'बोस्टन ग्लोब'ने तर नेमक्या ८ सप्टेंबरच्याच अंकात, बुश यांनी सेवेची बांधिलकी पूर्ण केली नाही असं नोंदींच्या आधारे छापलं होतं.

म्हणजे प्रश्न खरा होता आणि त्याच्या उत्तराचा बराचसा भाग किलियनच्या कागदांशिवायही हातात होता. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

सीबीएसच्या निर्मात्या मेरी मेप्स या कथेच्या मागे १९९९ पासून होत्या. त्या कच्च्या पत्रकार नव्हत्या. २००४ सालीच, २८ एप्रिलला, इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं जगापुढे आणणारा वृत्तान्त त्यांचाच, निवेदन रॅदर यांचंच. एवढं मोठं काम नुकतंच हातून झालं असेल तर वरच्या मजल्यावरचे लोक आपल्याला फारसे प्रश्न विचारत नाहीत. पुढे झालेल्या चौकशीतही हा मुद्दा आलाच.

कागद देणारे होते बिल बर्केट, टेक्सासच्या गार्डमधून निवृत्त झालेले लेफ्टनंट कर्नल. बुश गव्हर्नर असताना त्यांच्या माणसांनी लष्करी फायली साफ केल्या, असा आरोप ते बरीच वर्षं करत आले होते, आणि गार्डशी त्यांचं जुनं भांडण होतं. त्यांनी २ सप्टेंबरला दोन कागद दिले, ५ तारखेला आणखी चार. सगळ्या झेरॉक्स. मिळाले कुठून? एका माजी सहकाऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं. त्या सहकाऱ्याशी सीबीएसमधलं कुणीही प्रसारणाआधी बोललं नाही. बातमी अंगाशी आल्यावर बर्केट यांनी गोष्ट बदलली: एका अनोळखी बाईने फोन केला, मग ह्यूस्टनच्या पशुप्रदर्शनात कुणीतरी पाकीट हातात ठेवलं, आणि त्या बाईच्या सांगण्यावरून झेरॉक्स काढून झाल्यावर आलेले कागद आपण जाळून टाकले.

आपल्याकडे रेशन कार्डावर नाव चढवायला गेलं तरी खिडकीतला कारकून "ओरिजिनल आणलंय का?" असं विचारतो. इथे राष्ट्राध्यक्षाविरुद्धचा पुरावा होता.

तरीही सीबीएसने काहीच तपासलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तपासलं, आणि ते कसं तपासलं हेच या प्रकरणातलं सगळ्यात बोधप्रद पान आहे. चार तज्ज्ञांना कागद दाखवले. त्यांतले मार्सेल मॅटली हस्ताक्षराचे जाणकार. त्यांनी सहीपुरतं अनुकूल मत दिलं. झेरॉक्सवरून कागदाची सत्यता सांगता येत नाही हे त्यांना माहीत होतं, पण बातमीत त्यांचं नाव सगळ्या कागदांना हमी दिल्यासारखं आलं. एमिली विल आणि लिंडा जेम्स या दोन तज्ज्ञांनी प्रसारणाआधीच शंका काढल्या होत्या. मी मंगळवारी रात्री विचारतेय तेच प्रश्न गुरुवारी शेकडो तज्ज्ञ विचारतील, असं आपण बजावलं होतं, असं विल यांनी नंतर एबीसी या दुसऱ्या वाहिनीला सांगितलं. सीबीएसच्या गोटात असा सूर होता की या दोघींनी सगळे कागद पाहिलेच नव्हते, आणि अंतिम मत मॅटलींचं.

दुसरे साक्षीदार मेजर जनरल बॉबी हॉजेस, किलियन यांचे वरिष्ठ. सीबीएसच्या लेखी हा हुकमाचा एक्का होता. पण त्यांना कागद दाखवलेच नाहीत, फोनवर वाचून दाखवले. किलियनला असं वाटत असेल बुवा, अशा अर्थाचं ते काहीतरी म्हणाले आणि सीबीएसने त्यावर दुजोरा अशी खूण केली. पुढे प्रत्यक्ष कागद पाहिल्यावर हॉजेस म्हणाले की मला ते हस्तलिखित वाटले होते, आणि हे तर बनावट आहेत. तिसरे रॉबर्ट स्ट्राँग, गार्डमधले जुने सहकारी. त्यांनी एवढंच सांगितलं की मजकूर त्या काळाशी आणि किलियनच्या स्वभावाशी जुळणारा आहे.

चौथा दुजोरा सगळ्यात विलक्षण. तो खुद्द व्हाइट हाऊसचा! कागद संवाद-संचालक डॅन बार्टलेट यांच्याकडे पाठवले आणि ८ तारखेच्या सकाळी त्यांची मुलाखत घेतली. बार्टलेट यांनी कागद खोटे आहेत असं म्हटलं नाही. सीबीएसमध्ये त्याचा अर्थ लागला: नाकारत नाहीत, म्हणजे खरे आहेत. अहो, पण बार्टलेट १९७२ साली कुठे होते? त्यांच्या हातात काही तासांपूर्वी सीबीएसनेच दिलेल्या प्रती होत्या. ते सीबीएसवर विसंबले आणि सीबीएस त्यांच्यावर. दोन आरसे समोरासमोर ठेवले की आत खोलवर काहीतरी दिसतं, तशातली ही गत.

थोडक्यात, सही एकाने पाहिली, मजकूर दुसऱ्याने ऐकला, तिसऱ्याने स्वभाव ओळखला, चौथा गप्प राहिला. कागद कोणत्या यंत्रावर उमटला असेल हे बघण्याचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही. रॅदर त्या आठवड्यात रिपब्लिकन अधिवेशनातून फ्लोरिडातल्या फ्रान्सिस चक्रीवादळाकडे धावत होते. पुढच्या चौकशी अहवालानुसार त्यांनी तयार वृत्तान्त प्रसारणाआधी पाहिलाही नसावा.

ते काम मग बाहेरच्यांनी केलं, आणि त्याला रात्रही पुरली. सीबीएसने कागदांच्या प्रती स्वतःच संकेतस्थळावर ठेवल्या होत्या, व्हाइट हाऊसनेही पत्रकारांना वाटल्या. काही तासांतच एका उजव्या विचारांच्या चर्चामंचावर कुणीतरी लिहिलं की ही अक्षरं टाइपरायटरची वाटत नाहीत.

टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांना मुद्दा चटकन कळेल. साध्या टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. रोमन लिपीतला काडीएवढा 'आय' आणि पसरट 'एम' दोघांना एकाच मापाची खोली. छापील पुस्तकात आणि संगणकावर मात्र अक्षराच्या अंगाप्रमाणे जागा कमीजास्त होते. किलियनच्या कागदांत ती कमीजास्त होती. शिवाय पथकाच्या आकड्यापुढचं 'टीएच' बारीक होऊन ओळीच्या वर चढलं होतं, वर्ड वापरताना आपोआप चढतं तसं. 'लिटल ग्रीन फुटबॉल्स' हा ब्लॉग चालवणारे चार्ल्स जॉन्सन यांनी त्यांतला एक मेमो मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, कोणतीही सेटिंग न बदलता, टाइम्स न्यू रोमनमध्ये टाइप केला आणि सीबीएसच्या प्रतीवर ठेवला. ओळी तिथेच तुटल्या, अक्षरावर अक्षर बसलं. १९७३ सालच्या कचेरीतली कागदपत्रं आणि २००४ सालच्या घरगुती संगणकाची जन्मजात मापं तंतोतंत जुळावीत, हा योगायोग पचणारा नव्हता.

ब्लॉगवाल्यांचाही एक हिशेब मांडून ठेवू. त्यांतल्या अनेकांनी ठणकावून सांगितलं की १९७२ साली असं टाइप करणं अशक्यच होतं. हे चूक होतं. अक्षरागणिक जागा बदलणारे आयबीएमचे टाइपरायटर १९४०च्या दशकापासून बाजारात होते, आणि वर चढलेलं 'टीएच' काही यंत्रांवर स्वतंत्र कळ म्हणून मिळायचं. सीबीएसने याच दाव्यांचा आधार घेऊन पुढचे दिवस काढले. पण असं यंत्र अस्तित्वात असणं वेगळं आणि ते गार्डच्या त्या कचेरीत असणं वेगळं. त्या कचेरीतले खात्रीचे कागद साध्या, सारख्या मापाच्या टाइपरायटरवरचे होते. फाँटच्या गदारोळात मागे पडलेला एक मुद्दा मला तर त्याहून वजनदार वाटतो. ऑगस्ट १९७३ च्या मेमोत ज्या स्टॉट नावाच्या अधिकाऱ्याच्या दबावाचा उल्लेख आहे, ते मार्च १९७२ मध्येच निवृत्त झाले होते. हे शोधायला फाँटची जाण लागत नाही, एक फोन लागतो.

इथून ते बारा दिवस सुरू होतात. सीबीएसचे माजी अधिकारी जोनाथन क्लाइन फॉक्स न्यूजवर म्हणाले की एकीकडे तपासणीच्या अनेक चाळण्या आहेत आणि दुसरीकडे दिवाणखान्यात पायजम्यात बसून मनाला येईल ते लिहिणारा माणूस. समोरच्यांनी ती शिवी झेंड्यासारखी मिरवली. त्यांतल्या काहींनी पुढच्या वर्षी कंपनी काढली, तिचं नावच 'पजामाज मीडिया'. १० सप्टेंबरला रॅदर यांनी बातमीपत्रात बाजू मांडली, पुन्हा मॅटलींना पुढे करून. टीका करणाऱ्यांत पक्षपाती मंडळी आहेत, हा त्यांच्या बोलण्यातला रोख होता. मंडळी पक्षपाती होतीच. चर्चामंचावर पहिली शंका घेणारा माणूस रिपब्लिकन वर्तुळातलाच निघाला. पण शंका घेणारा कुणाचा आहे हे विचारलं की शंकेचं उत्तर द्यावं लागत नाही. सीबीएस त्या सोयीत अडकली. तोवर 'वॉशिंग्टन पोस्ट' आणि एबीसी यांनी स्वतःची माणसं कामाला लावली होती, आणि त्यांना पायजमेवाले म्हणता येत नव्हतं.

मग मॅरियन कार नॉक्स समोर आल्या. किलियन यांच्या कचेरीतल्या सेक्रेटरी, वय ८६. १५ सप्टेंबरला त्या कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या की हे कागद मी टाइप केलेले नाहीत, मला ते खरे वाटत नाहीत, पण त्यांत जे लिहिलंय तसंच किलियनना वाटत होतं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच दिवशी मथळा दिला, त्याचा भावार्थ: मेमो नकली, पण अचूक. हे तीन शब्द रिपब्लिकन प्रचाराला आयते मिळाले आणि सगळ्या माध्यमांच्या डोक्यावर टोमणा म्हणून कायमचे बसले. नॉक्सबाईंचं म्हणणं खरं तर साक्ष म्हणून मोलाचं होतं. त्या कचेरीत बसलेल्या, लिहिणाऱ्याला ओळखणाऱ्या, कुणाचं देणं न लागणाऱ्या बाई. वृत्तान्त त्यांच्यापासून सुरू झाला असता तर? पण सीबीएस त्यांच्याकडे पोचली ती प्रसारणानंतर, आणि तीसुद्धा बुडणाऱ्या कागदांना आधार म्हणून.

१८ तारखेला डॅलसमध्ये रॅदर यांनी बर्केटना समोर बसवलं. कागद कुठून आले याबद्दल आपण खोटं सांगितलं, हे त्यांनी कबूल केलं. २० तारखेला माफीनामा.

सीबीएसने चौकशीसाठी दोघांना नेमलं: डिक थॉर्नबर्ग, थोरल्या बुश यांच्या सरकारातले ॲटर्नी जनरल, आणि लुई बोकार्डी, असोसिएटेड प्रेसचे माजी प्रमुख. त्यांचा २२४ पानी अहवाल १० जानेवारी २००५ ला आला, म्हणजे निवडणूक होऊन गेल्यावर. सगळ्यांच्या आधी बातमी देण्याच्या ध्यासात आजूबाजूचं दिसेनासं झालं, हा त्यातला मुख्य ठपका. नंतरचं समर्थन ताठर आणि आंधळं होतं, हा दुसरा. अहवालाने दोन गोष्टी ठामपणे म्हटल्या नाहीत, आणि त्या दोन्हींवरून आजही भांडण होतं. कागद नि:संशय बनावट आहेत असा निष्कर्ष समितीने स्वतःच्या नावावर काढला नाही, मात्र तिने नेमलेले मुद्राक्षरतज्ज्ञ पीटर टायटेल यांचं मत ते संगणकावर तयार झाल्याचंच होतं. आणि यामागे राजकीय हेतू होता असंही समितीने म्हटलं नाही. एका गोष्टीवर मात्र ती कडक होती. बर्केट यांच्या आग्रहावरून मेप्स यांनी केरींच्या प्रचारातले जो लॉकहार्ट यांना फोन करून बर्केटशी बोलायला सुचवलं होतं. बातमीचा स्रोत खूश राहावा म्हणून त्याला उमेदवाराच्या माणसाशी जोडून द्यायचं, आणि मग हीच बातमी निष्पक्ष म्हणून दाखवायची! पक्षपात सिद्ध झाला नसेल, पण तो मानणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कोण देणार होतं?

मेप्स यांना काढून टाकण्यात आलं, तीन वरिष्ठांना राजीनामे मागितले गेले. वृत्तविभागाचे अध्यक्ष अँड्र्यू हेवर्ड जागेवर राहिले. रॅदर ९ मार्च २००५ ला, बरोब्बर २४ वर्षांनी, बातमीपत्राच्या खुर्चीवरून उतरले. २००७ साली त्यांनी सीबीएसवर सात कोटी डॉलरचा दावा लावला, तो न्यायालयात टिकला नाही. रॅदर आणि मेप्स यांचं म्हणणं आजवर तेच आहे की कथा खरी होती. कथा बऱ्याच अंशी खरी असेलही. पण तिचं ओझं त्यांनी न पारखलेल्या कागदांवर ठेवलं, आणि कागद फाटल्यावर कथाही खाली पडली. 'ग्लोब'चा नोंदींवर आधारलेला वृत्तान्त, असोसिएटेड प्रेसने झगडून मिळवलेले कागद, दोन्ही खात्रीचे. तरी त्यानंतर बुश यांच्या गार्डमधल्या दिवसांचा विषय काढला की समोरून एकच उत्तर यायचं: फाँट. नोव्हेंबरात बुश २८६ विरुद्ध २५१ निर्वाचक मतांनी निवडून आले. या प्रकरणाने निकाल फिरवला असं मी म्हणत नाही, पण एक प्रश्न प्रचारातून कायमचा बाद झाला हे नक्की.

गॅलपने माध्यमांवरच्या विश्वासाची पाहणी योगायोगाने याच गदारोळात, सप्टेंबरच्या मध्यावर केली. आदल्या वर्षी ५४ टक्के लोक माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवत होते, आता ४४. सगळा घसारा सीबीएसच्या माथी मारता येणार नाही. मे महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आणि ऑगस्टमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने इराकमधल्या संहारक अस्त्रांबद्दलच्या आपल्या बातम्यांतल्या चुका कबूल केल्या होत्या. तिथे सरकारचं म्हणणं पुरेसं न तपासता पुढे गेलं होतं, इथे सरकारविरुद्धचं. डावा-उजवा हा फरक शोधणाऱ्यांना तो दिसला, पण चाळणी दोन्हीकडे एकाच जागी फाटली होती: पटणारी गोष्ट हातात आली आणि हात थांबला नाही.

एक गोष्ट राहिली. ८ सप्टेंबरच्या त्या बुधवारी सीबीएसने आधी दुसराच वृत्तान्त योजला होता, एड ब्रॅडली यांचा. गार्डच्या कथेसाठी तो मागे ठेवला. विषय होता नायजरहून इराकने युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला असं दाखवणारे बनावट कागद, आणि त्यांना अमेरिकी सरकार कसं फसलं. सप्टेंबर संपता संपता सीबीएसने सांगितलं की निवडणूक इतकी जवळ आलेली असताना तो दाखवणं उचित होणार नाही.